रिकाम्या जाळ्याचा हिशेब

प्रवासवर्णने लिहिण्याची आणि वाचण्याची आपल्या लोकांना मोठी हौस आहे. काशीयात्रेपासून विलायतेपर्यंत जो कोणी जाऊन आला त्याने चार प्रकरणे लिहिली नाहीत असे सहसा होत नाही. परंतु निघण्यापूर्वी जे कागद तयार होतात त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही. बरोबर काय न्यावयाचे याची यादी, गाड्यांच्या वेळा, अमक्या गावी उतरण्याची सोय न झाल्यास तमक्याकडे जावे अशी टिपणे, ही सगळी प्रवास संपला की रद्दीत जातात. वास्तविक माणसाची पारख त्याच्या वर्णनापेक्षा या यादीवरून अधिक चांगली व्हावी. वर्णन लिहिताना मनुष्य घडलेल्या गोष्टी सजवितो. यादी करताना कशावाचून आपले अडेल आणि कशावाचून अडणार नाही असे त्याला वाटते, ते उघडे पडते.

अशाच एका, त्या वेळी अद्याप न झालेल्या, प्रवासाचा आराखडा मध्यंतरी माझ्या वाचनात आला. चाळीसएक पानांचा तो मजकूर मी ज्या लक्षाने वाचला त्या लक्षाने अलीकडे एखादी कादंबरी वाचल्याचे मला स्मरत नाही. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात मे महिन्याच्या उत्तरार्धात हिंडून माशांची नवजात पिल्ले मोजावयाची, असा त्या प्रवासाचा हेतू होता. पाठविणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी. माझ्याकडे ती संख्याशास्त्र शिकली, पुढे समुद्रविज्ञानाकडे वळली, आणि आज तिकडच्या एका संशोधनगटात आहे. वयाने चाळिशीला आली तरी माझ्या लेखी मुलगीच. तिने लिहिले होते, "सर, आम्ही जहाजाचे २० दिवस मागितले होते, १६ मिळाले. कोणती स्थानके गाळावीत यावर आमच्यात एकमत होत नाही. समुद्राचे सोडा, नमुन्याच्या दृष्टीने काय ते सांगा."

समुद्राचे सोडून देण्यास माझी मुळीच हरकत नव्हती. जन्माने मी मालवणकडचा. परंतु होडीत पाय ठेवताच मला मळमळू लागते, आणि त्यावरून लहानपणी मी पुष्कळ थट्टा सोसलेली आहे. कागदावरचा समुद्र मात्र मला चांगला मानवतो.

त्या समुद्राची थोडी ओळख वाचकांस करून देणे अवश्य आहे. अलास्काच्या दक्षिणेस कोडिअ‍ॅक नावाचे मोठे बेट आहे. ते बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीस शेलिकॉफची सामुद्रधुनी म्हणतात. दरसाल मार्चअखेरीस व एप्रिलच्या आरंभी वॉलाय पोलॉक नावाचे मासे तेथे अंडी घालण्यासाठी प्रचंड संख्येने गोळा होतात. हा मासा कॉडच्या कुळातला. आपल्या बाजारात तो दिसत नाही. पण जगात ज्या थोड्या माशांची पकड सर्वांत मोठी असते त्यांत याची गणना आहे. पाश्चात्त्य उपाहारगृहांतले तळलेले तुकडे, खेकड्याच्या मांसाचे सोंग घेतलेल्या जपानी कांड्या आणि कोरियन लोकांची खारवलेली गाबोळी यांत पुष्कळदा तोच असतो. एकेक मादी लाखो अंडी सोडते. ही अंडी १५० ते २५० मीटर खोलीवर तरंगत राहतात, सुमारे दोन आठवड्यांनी फुटतात, आणि त्यांतून तीन-चार मिलिमीटर लांबीचा पारदर्शक जीव बाहेर पडतो. शास्त्रीय परिभाषेत त्यास डिंभ म्हणतात. हे डिंभ वर, पृष्ठभागाजवळच्या पन्नासएक मीटरांत येतात. पोटाशी बांधून आणलेली बलकाची शिदोरी संपण्यापूर्वी त्यांना कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची पिल्ले खावयास मिळाली तर ते जगतात, न मिळाली तर मरतात. आणि हे सर्व चालले असताना किनाऱ्यालगतचा प्रवाह त्यांना नैर्ऋत्येकडे वाहून नेत असतो. स्वतःच्या बळावर जाण्याचे ठिकाण निवडण्याइतके ते अद्याप पोहू शकत नाहीत.

आता थोडे गणित. एका जोडप्याच्या आयुष्यभराच्या लक्षावधी अंड्यांपैकी दोन वाढून प्रौढ झाली, तर वंश आहे तेवढा राहील. चार झाली तर दुप्पट होईल. मेलेल्यांच्या संख्येत या फरकाचा पत्ताही लागत नाही. परंतु दहा वर्षांनी कोळ्याच्या जाळ्यात काय पडावयाचे ते या दोन आणि चारवरच अवलंबून असते. एका काळी युरोपात अशी समजूत होती की, मासळीचे पीक बुडाले म्हणजे मासे दुसरीकडे निघून गेले. योहान यॉर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ही समजूत मोडून काढली. झाडाच्या खोडाप्रमाणे माशाच्या खवल्यावरही वर्षाची वळी उमटतात. त्यांवरून त्याने हेरिंग माशांची वये मोजली, तेव्हा असे दिसून आले की १९०४ साली जन्मलेले हेरिंग पुढे कित्येक वर्षे सर्व पकड व्यापून राहिले होते. एखाद्या शाळेत एकाच वर्षी नाव घातलेल्या मुलांनी पुढे प्रत्येक सालच्या हजेरीपटाचा मोठा भाग भरून काढावा, आणि मागच्या-पुढच्या वर्गांत बाके ओस पडावीत, तसा हा प्रकार. मोठ्या माशांच्या संख्येचा निकाल बालपणाच्या अगदी पहिल्या काही आठवड्यांत लागत असावा, असे अनुमान त्याने काढले. त्याच्या अनुमानाचे तपशील पुढे अनेकांनी दुरुस्त केले आहेत, पण तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही. त्या आठवड्यांत समुद्रावर हजर राहिल्याशिवाय तो सुटणारही नाही. शेलिकॉफच्या पोलॉकवर अशी हजेरी १९८० च्या दशकापासून लागत आली आहे. प्रथम दरसाल, आणि पुढे जहाजांचा खर्च व दिवसांची टंचाई यांमुळे एक वर्षाआड.

खरी पंचाईत या 'हजर राहण्या'तच आहे. जहाजाचे दिवस वर्ष-दीड वर्ष आधी मागून ठेवावे लागतात. समुद्र तापला असेल त्या वर्षी अंडी लवकर फुटतात, थंड असेल त्या वर्षी उशिरा. म्हणजे पाऊस केव्हा येईल हे ठाऊक नसताना पेरणीची मजुरी गेल्या वर्षीच ठरवून टाकण्यासारखे झाले. तारीख तीच ठेवावी तर एका वर्षी सहा मिलिमीटरचे डिंभ सापडतात, दुसऱ्या वर्षी दहाचे. आणि मोठे ते अर्थातच संख्येने थोडे, कारण मध्यंतरी पुष्कळ मेलेले असतात. मग कमी सापडले ते पीक वाईट म्हणून की आपण उशिरा पोचलो म्हणून? यावर निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. डिंभाच्या कानात एक चुन्याचा खडा असतो आणि त्यावर दर दिवशी एक वळे चढते. ती वळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली की त्याची जन्मतिथी काढता येते. आपल्याकडे कुंडली मांडावयास जन्मवेळ लागते. तेथे मेलेल्या डिंभाच्या कानावरून ती उलटी शोधून काढतात. मात्र त्यासाठी काही डिंभ मद्यार्कात ठेवावे लागतात, कारण नमुने टिकविण्याचे जे नेहमीचे द्रव्य फॉर्मॅलिन, त्यात हा खडा हळूहळू विरघळतो. त्या आराखड्यात दोन प्रकारच्या बाटल्यांचे दोन निराळे रकाने का, हे मला येथपर्यंत आल्यावर कळले.

असे रकाने त्या मजकुरात पानोपानी होते आणि प्रत्येकामागे काही ना काही कारण होते. मुख्य जाळ्याचे नाव 'बाँगो'. एका चौकटीत शेजारी-शेजारी दोन गोल कडी आणि प्रत्येकीला लांब निमुळते जाळे, असे ते असते. नाव क्यूबातील एका जोड-वाद्यावरून पडले आहे. आपल्याकडे निघाले असते तर त्याला तबला-डग्गा म्हणावे लागले असते. जाळ्याची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक किंवा फार तर तेवढी. कड्याच्या तोंडाशी एक लहानसा पंखा बसविलेला असतो. पाणी आत शिरेल तसा तो फिरतो, आणि त्याच्या फेऱ्यांवरून किती घनमीटर पाणी गाळले गेले हे समजते. या पंख्यावाचून सापडलेल्या डिंभांची संख्या निरर्थक आहे, कारण किती पाण्यात किती हे कळल्याशिवाय दोन ठिकाणांची तुलना होत नाही. जाळे पोलादी दोराने तिरके खाली सोडावयाचे आणि तिरकेच वर ओढावयाचे. दोराचा कोन ४५ अंशांचा राहिला पाहिजे. म्हणून एक मनुष्य कठड्याशी कोनमापक धरून उभा राहतो आणि आकडा ओरडून सांगत राहतो, तो ऐकून वर सुकाणूवरचा अधिकारी वेग कमी-अधिक करतो. हे काम भर पावसात, रात्री तीन वाजताही चालू असते, कारण जहाज चोवीस तास चालते आणि शास्त्रज्ञ बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत वाटलेले असतात. ५८ अंश अक्षांशावर मेअखेरीचा दिवस सतरा तासांहून मोठा; तेवढीच काय ती सवलत.

याखेरीज तळाशी नांगरून ठेवलेल्या यंत्रांची एक माळ उचलावयाची होती. तापमान, क्षारता, प्रवाहाची गती यांची नोंद करीत ती वर्षभर पाण्यात उभी असते. खाली नांगर म्हणून अशा माळांना पुष्कळदा रेल्वेची जुनी चाके बांधतात. वर तरंगते गोळे. जहाजावरून ठरावीक संकेताचा ध्वनी पाण्यात सोडला की खालची आकडी सुटते, चाक तळाशीच राहते आणि माळ पृष्ठभागावर येते. आली तर. ज्या आगगाड्यांची ही चाके असतील त्यांच्या उतारूंना आपल्या चाकांचे पुढे काय होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते!

औषधांची यादी, प्रत्येक उतारूचे वैद्यकीय प्रमाणपत्र, फॉर्मॅलिन सांडल्यास काय करावे याची सूचना, रबरी बुटांची मापे, कोण कोणाबरोबर कोणत्या खोलीत, या साऱ्यांवर मी धावती नजर टाकली. जेथे थांबलो ते पान वेळेच्या हिशेबाचे होते. दोन स्थानकांमध्ये १० सागरी मैल. स्थानक म्हणजे पाण्यावर काही खूण नव्हे; अक्षांश-रेखांशांनी ठरविलेला एक बिंदू, आणि दर खेपेस तोच. जहाजाचा वेग साधारण ११ नॉट धरला तर पोचावयास ५५ मिनिटे, तेथे काम ६५ मिनिटे. एकूण दोन तास. दिवसास बारा स्थानके. वीस दिवसांतून जाण्या-येण्याचे दोन, यंत्रमाळेचा एक आणि वादळाचे दोन वजा केले की राहिले पंधरा, म्हणजे १८० स्थानके. सोळा दिवसांतून तेच पाच वजा केले की राहिले अकरा, म्हणजे १३२. अठ्ठेचाळीस स्थानके गाळली पाहिजेत.

वादळाचे दोन दिवस कमी करावे, अशी सूचना त्यांच्यापैकी एकाने केली होती, आणि समासात दुसऱ्या कोणीतरी एकच शब्द लिहिला होता: "शेलिकॉफ." डोंगरांच्या खिंडींतून त्या सामुद्रधुनीवर जे वारे सुटतात त्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाला यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज भासली नसावी. जाळे टाकावयाचे की नाही हा शेवटचा शब्द कप्तानाचा असतो, मुख्य शास्त्रज्ञाचा नव्हे. आणि ते योग्यच आहे.

राहिला प्रश्न अठ्ठेचाळिसांचा. बहुतेकांचे म्हणणे असे होते की, बाहेरच्या कडेची, खुल्या समुद्राकडील स्थानके गाळावीत. वर्षानुवर्षे तेथे काही सापडत नाही. जाळे रिकामे येते, बाटलीत चार प्लवक, आणि वहीत शून्य. त्या शून्यासाठी जहाजाचे तेल, दोन तास आणि सात-आठ माणसांची झोप का खर्चावी?

या म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही असे कोणी समजू नये. जर्झी नेमन याने १९३४ साली लंडनच्या राजेशाही संख्याशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या प्रसिद्ध निबंधाचा एक निष्कर्ष हाच आहे: क्षेत्राचे थर पाडा, ज्या थरात विचलन अधिक तेथे नमुने अधिक घ्या, जेथे सगळे सारखेच तेथे थोडे पुरेत. ज्या थरात नेहमी शून्यच येते त्यातले विचलनही शून्य; मग तेथे जाऊन काय करावयाचे? पण थरातले विचलन ठाऊक कोणाला असते? ते मागच्या अनुभवावरूनच अंदाजावे लागते. नेमका हा प्रश्न घेऊन आपल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३५ साली लंडनमध्ये असताना एक निबंध लिहिला. साताऱ्याकडील बुध गावचा, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला हा चोवीस वर्षांचा तरुण नेमनच्याच सहवासात काम करीत होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्या तरुणपणीच्या निबंधातले उत्तर आशादायक आहे: मागचा नमुना लहान असला तरी त्यावरून केलेली वाटणी बहुधा फायद्याचीच ठरते. दरसाल पदव्युत्तर वर्गाला हे मी शिकवितो आणि सांगलीकडचा मुलगा असो की सिंधुदुर्गातला, सुखात्म्यांचे नाव ऐकून जरा ताठ बसतो.

तथापि या सर्व युक्तिवादाला एक पाय आहे, आणि तो म्हणजे मागचे वर्ष व पुढचे वर्ष एकाच जातीची असतील हे गृहीतक. शेत जागचे हलत नाही. पाटाचे पाणी यंदा या बांधावरून गेले तर पुढच्या वर्षीही बहुधा तेथूनच जाईल. समुद्राने तसे वचन कोणालाच दिलेले नाही.

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये उष्ण पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा ठाण मांडून होता. शास्त्रज्ञांनी त्याला चेष्टेने 'गोळा' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे चेष्टेचे काही उरले नाही. २०१५ च्या मे महिन्यात शेलिकॉफच्या पाहणीत पोलॉकचे डिंभ अत्यंत कमी, जवळजवळ नाममात्र सापडले. अशा वेळी मनात येणारी पहिली शंका यॉर्टच्या पूर्वीच्या कोळ्यांचीच असते: दुसरीकडे गेले असतील. ही शंका फेडावयाची तर दुसरीकडेही जाऊन जाळे टाकलेले पाहिजे, आणि तेथे पूर्वीच्या वर्षी काय मिळाले होते हेही ठाऊक पाहिजे. पुढच्या पाहण्यांतही त्या साली जन्मलेले पोलॉक दिसले नाहीत म्हणण्याइतके थोडे होते. त्याच आपत्तीत अलास्काच्या आखातातील कॉडचा साठा इतका खालावला की २०२० साली तेथील संघराज्याच्या हद्दीतली कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली. २०१५ च्या वहीतली ती शून्ये म्हणजे येणाऱ्या संकटाची पहिली वर्दी होती.

याउलट दुसरे उदाहरण. अलास्काच्या पश्चिमेस, अल्युशन बेटांच्या रांगेपलीकडे, बेरिंग समुद्र आहे. तेथे दर उन्हाळ्यात तळाशी जाळे ओढून एक पाहणी होते. नकाशावर २० सागरी मैलांचे चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात एकदा अर्धा तास जाळे ओढावयाचे. १९८२ पासून ही पाहणी एकाच पद्धतीने, दरवर्षी, चालत आली होती. २०२० साली महामारीमुळे जहाजे निघालीच नाहीत. माणसांची काळजी घेणे प्राप्त होते, त्या निर्णयास मी नाव ठेवीत नाही. पण त्याच सुमारास त्या समुद्राच्या तळावर हिमखेकडे मरत होते. २०१८ साली त्यांची संख्या अफाट होती. २०१९ मध्ये घटलेली दिसली. २०२१ मध्ये जहाज परत गेले तेव्हा ते जवळजवळ नाहीसे झाले होते. दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बर्फ वितळून तळाशी साचणारे थंड पाणी २०१८ च्या सुमारास त्या मानाने उरलेच नव्हते; पाणी उबदार झाले की खेकड्याच्या शरीराला अन्न अधिक लागते, आणि एवढ्या गर्दीला ते पुरले नाही, उपासमार झाली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेले विवेचन सांगते. २०२२ च्या हंगामात या खेकड्यांची पकड इतिहासात प्रथमच बंद ठेवली गेली. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल नावाच्या लहानशा बेटावर मूळ उनंगन लोकांची वस्ती आहे. गावाचे उत्पन्न मुख्यतः या खेकड्यांवर चालणारे. त्या गावाने आर्थिक आणि सांस्कृतिक आणीबाणी जाहीर केली. २०२४ मध्ये पकड थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू झाली खरी; पण २०१९ आणि २०२१ या दोन आकड्यांच्या मध्ये तक्त्यात एक घर कोरे आहे, आणि मृत्यू त्यातल्या नेमक्या कोणत्या ऋतूत ओढवला हे त्या घरातून वाचता येत नाही.

आमच्या शास्त्रात शून्य ही मोजलेली संख्या आहे. कोऱ्या घराला संख्या म्हणता येत नाही; तेथे शून्य होते की हजार होते, काहीही मानता येते, आणि ज्याला जे सोयीचे तो ते मानतो. परीक्षेत शून्य मिळालेला विद्यार्थी आणि परीक्षेस न बसलेला विद्यार्थी यांतला भेद प्रत्येक पालकाला कळतो. समुद्राच्या बाबतीत तो खर्च मंजूर करणाऱ्या कचेऱ्यांना का कळू नये, याचे मला नवल वाटते. पण चार दिवस कापणाऱ्या त्या कचेरीलाही वर कोणाला तरी हिशेब द्यावयाचा असेल.

मी तिला लिहिले की कडेला हात लावू नकोस. मध्यभागी, जेथे डिंभ दाट असतात, तेथे एकाआड एक बिंदू गाळ. त्यामुळे सरासरीची अचूकता थोडी घटेल, आणि किती घटेल त्याचे गणितही सोबत जोडले. तिचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, आणि ते मला पूर्णपणे पसंत पडले असे नाही. "सर, तुमचे गणित बरोबर आहे," तिने लिहिले होते, "पण डिंभ ढगांसारखे असतात, पुंजक्या-पुंजक्यांनी. मधला एक बिंदू गाळला आणि नेमका पुंजका त्या दोहोंमध्ये राहिला तर चांगले वर्ष आम्ही वाईट म्हणून लिहू. शिवाय आमच्याकडे एक तरुण मुलगा आहे. डिंभांच्या पोटात काय सापडते यावर त्याचा प्रबंध आहे, आणि त्याला मध्यातलेच नमुने हवेत. त्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपते. कडेच्या शून्यांसाठी मी त्याचे वर्ष घेऊ का?"

या प्रश्नाला नेमनपाशीही उत्तर नाही आणि सुखात्म्यांपाशीही. मी पुष्कळ विचार केला. चाळीस वर्षांच्या अखंड नोंदींचे मोल एका बाजूला, आणि एका मुलाच्या उमेदवारीची दोन वर्षे दुसऱ्या बाजूला. वयाने मोठ्या माणसांना पहिली बाजू जड वाटते, कारण त्यांची उमेदवारी संपलेली असते. तिला मी एवढेच कळविले की, काय गाळावयाचे ते आजच, जमिनीवर असताना, क्रमवार लिहून ठेव. बाराव्या दिवशी, वारा सुटल्यावर आणि कोणाचीच झोप झालेली नसताना, त्यावर वाद नको.

हीच गोष्ट त्यांच्या जुन्या आराखड्यांतूनही असते, असे तिने मला नंतर सांगितले. शेवटच्या पानावर एक सोडण्याचा क्रम लिहिलेला असतो. दिवस हाती कमी उरले तर प्रथम हे सोडावे, मग ते, मग ते. आणि तळाशी, कोणत्याही परिस्थितीत सोडू नये असे जे असते ते म्हणजे 'आठवी ओळ'. शेलिकॉफच्या नैर्ऋत्य मुखाजवळ सामुद्रधुनीच्या आडव्या रेषेवर मांडलेली ही थोडी स्थानके. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे वारंवार जाळे पडत आले आहे. तेथे काही विशेष सुंदर आहे असे नाही. पूर्वी कोणीतरी तेथे गेले होते, एवढीच तिची थोरवी. आमच्या घराण्यात ग्रामदैवताच्या वार्षिकाला मुंबईहूनसुद्धा गावी जाण्याची रीत होती; देव पावला की नाही हे कोणी विचारीत नसे, पण चुकलेले वर्ष मात्र पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना आठवत असे.

वाचकांपैकी कोणी विचारील की अलास्कातल्या पोलॉकशी आपला संबंध काय. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे विचारू नये. आपल्या समुद्रात तारली एका वर्षी इतकी येते की शेतात खत म्हणून टाकण्याची पाळी यावी, आणि काही वर्षे अशी जातात की बाजारात ती दिसत नाही. बांगड्याचीही गोष्ट थोडीफार तीच. कोळी सांगतो, मासळी खोल गेली. गेली असेलही. आपल्याजवळ १९८४ पासून 'सागर संपदा' हे मत्स्य-समुद्रविज्ञानाचे जहाज आहे आणि त्याने पुष्कळ काम केले आहे. परंतु एवढ्या लांब किनाऱ्यावर एकाच रेषेवर, एकाच महिन्यात, रिकामे जाळे मोजण्यासाठी सतत चाळीस वर्षे जाणे हे एका जहाजाचे काम नव्हे, आणि एका पिढीचेही नव्हे.

अखेर तिने निर्णय केला तो असा. कडेच्या तीन ओळी पूर्ण ठेवल्या, बाकीच्या कडेला एकाआड एक बिंदू गाळला. मध्य तसाच राखला, आणि पोटातल्या अन्नाचा अभ्यास करणाऱ्या त्या मुलासाठी निराळा मागितलेला वेळ मात्र काढून टाकला. त्याला नेहमीच्याच जाळ्यातले काही डिंभ द्यावयाचे ठरले. तो नाराज झाला, पण बरोबर गेला. वादळाचे दोन दिवस ठेवले होते, तीन लागले, आणि सोडण्याच्या यादीतल्या पहिल्या दोन ओळींवर त्याप्रमाणे काट मारावी लागली. यंत्रांची माळ पहिल्याच संकेताला वर आली. आठवी ओळ पुरी झाली, तीतली दोन स्थानके पहाटे चार वाजता.

कोडिअ‍ॅकला उतरल्यावर तिने फोन केला. कडेच्या जाळ्यांत काय आले, असे मी विचारले. ती म्हणाली, "डोळ्यांना काही दिसले नाही, सर. पण डोळ्यांना दिसते त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो?" या समुद्रातील अशा नमुन्यांच्या बाटल्या निवडीसाठी पोलंडमधील श्टेचिन येथील प्लवक-केंद्राकडे जात आल्या आहेत. तेथे सूक्ष्मदर्शकाशी बसलेले लोक एकेक डिंभ चिमट्याने उचलून वेगळा करतात, त्याची जात ठरवितात आणि मोजतात. या कामाला महिने लागतात. बाटल्या अद्याप तेथेच आहेत.